शुक्रवारचे तेल

आम्ही दोघी सकाळी ऑटोने मैलापूरला निघालो होतो. वळणावर एका व्हॅनने ऑटोला धडक दिली. अक्काचे डोके रस्त्यावर आपटले, माझे ऑटोच्या लोखंडी दांडीवर. दोघींना एकाच ॲम्ब्युलन्समधून एकाच इस्पितळात नेले. संध्याकाळी अक्का गेली. मला घरी पाठवले.

अक्काबद्दल लिहायला मला अजून जमत नाही. त्यानंतर माझे जे झाले तेवढे लिहिते. डोक्याला मार लागून घरी परत आलेल्या कोणाला आणि त्यांच्या घरच्यांना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. मी तांबरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आम्ही दोघींनी लग्न केले नाही. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, आमचे बिऱ्हाड. घराणे तंजावूरचे. घरात बोलतो ती मराठी जुनी आणि तिच्यात तमिळ मिसळलेली. लिहिण्याची मराठी मी पुस्तकांतून शिकले, म्हणून ती थोडी जपून पावले टाकते. धाकटा भाऊ मुरली शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात आहे आणि बायकोमुलांसह तिकडेच राहतो. तो तिला अक्का म्हणायचा आणि मला चिन्नक्का, म्हणजे धाकटी अक्का.

*

त्या दिवशी इमर्जन्सीत माझा स्कॅन झाला होता. कवटीच्या आत रक्त नव्हते, हाड मोडले नव्हते. डाव्या कानासमोर, कानशिलावर, सूज होती आणि खरचटले होते. एका डॉक्टरांनी मला काही सूचना दिल्या. सूज वाढली तर लगेच या, पुन्हा एकदा दाखवा, असे काहीतरी त्या असणार. मी पडद्यापलीकडे बघत होते, कारण तिथे अक्का होती. मुरलीही तिकडेच बघत होता. सांगणाऱ्याने सांगितले, पण ऐकायला कोणी नव्हते.

मी कोणाला दोष देत नाही. एवढेच सुचवते की अशा वेळी सूचना ऐकायला कोणी तरी असा माणूस जवळ उभा करावा जो रडत नाही. शेजारचा असला तरी चालेल.

*

आमच्यात बायकांनी शुक्रवारी डोक्यावरून तेलाचे स्नान करायचे असते. तिळाचे तेल दोन मिरी टाकून कोमट करायचे, टाळूवर थापायचे, मुरवायचे आणि मग शिकेकाई. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला तेल अक्का लावत असे. माझे केस पिकले तरी मी पाटावर तिच्यापुढे बसायची आणि ती आठवड्याचे सगळे बोलणे तेव्हा बोलून घ्यायची. तिच्या बोटांना फार जोर होता.

"हे डोकं आहे, नारळ नव्हे," मी म्हणायची.

"नारळात पाणी तरी असतं," ती म्हणायची.

सुतकात तेल नाही, फणी नाही. तेराव्या दिवशी शुभस्वीकार. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी तेल लावून न्हायचे, गोड खायचे आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. सगळे न्हाले. मी नको म्हटले. जखमेचे कारण दिले आणि ते सगळ्यांना पटले. जखम तोवर सुकली होती. मला दुसऱ्या कोणाचा हात नको होता.

त्यामुळे पुढे कितीतरी आठवडे माझ्या डोक्याला कोणाचे बोट लागले नाही. माझेही नाही. केस सैल बांधून मी खांद्यावरून पाणी घेत असे. सूज उतरली आणि तिच्या जागी केसांखाली एक गाठ राहिली. आधी ती वाटाण्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली. डाव्या कुशीवर निजले की उशीत ठोके ऐकू येत. उशीला कान टेकला की ज्याची त्याला नाडी ऐकू येतेच, असे मी धरून चालले. खरे सांगायचे तर तो आवाज मला नकोसा नव्हता. घरात दुसरा आवाज नव्हता.

*

एका रविवारी मुरली आला. मी पंख्याखाली केस मागे घेत होते, तेव्हा त्याला ती दिसली.

"चिन्नक्का, हे काय?"

"तेव्हाचंच आहे."

"एवढं मोठं? आणि तू बोलली नाहीस?"

"कोणाला बोलू?"

हे त्याला लागले. अक्का गेल्यापासून तो या घरात फार वेळ थांबू शकत नव्हता. दारात चपला काढायचा, चौकशी करायचा आणि कॉफी निवायच्या आत पुन्हा चपलांत पाय घालायचा. मला ते दिसत होते आणि लागतही होते. त्यावर आम्ही दोघे कधी बोललो नाही. त्या दिवशीही बोललो नाही. त्याने मला सरळ जवळच्या दवाखान्यात नेले.

तिथे गर्दी होती. डॉक्टरांनी गाठ एका बाजूने दाबून पाहिली. मार लागल्या जागी रक्त साकळून पू धरला असेल, म्हणाले. गोळ्या दिल्या. बसली नाही तर शनिवारी सकाळी या, छोटा छेद देऊन निचरा करू, अगदी किरकोळ काम आहे. गाठीत ठोके लागतात का हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही ते सांगण्यासारखे वाटले नाही.

गोळ्या संपल्या. गाठ आवळ्याएवढी झाली. वरची कातडी ताणून चकाकू लागली. मुरलीने फोनवर सांगितले, "काढून टाक एकदाची. सुटशील."

*

शुक्रवारी सकाळी तंजावूरहून रुक्मा अत्या आली. ही वडिलांची धाकटी बहीण, आता ऐंशीच्या घरातली. तेराव्यापर्यंत ती इथेच होती. शनिवारी कापणार हे मुरलीकडून कळल्यावर पिशवीत लिंबाचे लोणचे घालून ती एकटीच गाडीत बसली होती.

पिशवी ठेवून तिने पहिली गोष्ट विचारली ती तेलाची.

"कापलं की मग पुष्कळ दिवस डोकीस पाणी नाही. आज शुक्रवार आहे. बस पाटावर."

"नको, अत्ये."

"का म्हणून नको?"

मी तिची पिशवी आत ठेवायला उचलली.

"तिचाच हात पाहिजे तुज?" अत्या म्हणाली. "सरी, बरं. तो मी कुठून आणू? पण ती तान्ही होती तेव्हां तीस तेल कोण लावत होतं? मीच. तिच्या बोटांस तो जोर कुठून आला म्हणतेस?"

मी पाटावर बसले.

तिने मिरी टाकून तेल कोमट केले होते. पहिला तळवा टाळूवर पडला आणि मी रडायला लागले. अक्का गेली त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते.

"रड गे," अत्या म्हणाली. "कोणी विचारलं तर तेल डोळ्यांत गेलं म्हणून सांगू."

तिची बोटे अक्कासारखीच फिरत होती. मध्यातून मागे, मागून कानांकडे. डाव्या कानाजवळ ती हलकी झाली आणि मग थांबली.

"हे उडतंय," ती म्हणाली.

"काय?"

"ही गाठ. बोटास वर ढकलते." तिने तेलकट हाताने माझे मनगट धरले. एक बोट नाडीवर, एक गाठीवर. ती बराच वेळ तशीच राहिली. "दोन्ही एकदमच उडतात गे. हे काय आहे मज ठाऊक नाही. पण पोरांचीं गळवं मी पुष्कळ पिळलीं आहेत. गळू ठणकतं, पण बोटास असं ढकलत नाही."

मी स्वतःचे बोट ठेवून पाहिले. खरेच होते. इतके दिवस उशीत ऐकत होते ते तिथे, माझ्या बोटाखाली, होते.

मी मुरलीला फोन लावला. अत्याने तो माझ्या हातून घेतला.

"अत्ये, उद्या डॉक्टर बघतीलच ना," मुरलीचा आवाज मला ऐकू येत होता.

"उद्या ते बघणार नाहीत रे. कापणार. बघायचं ते आज."

*

ज्या इमर्जन्सीतून अक्का परत आली नाही तिथेच आम्ही गेलो. जवळचे मोठे इस्पितळ तेच. दाराशी पोचल्यावर माझे पाय पुढे जाईनात. आत तो पडदा असणार, ती खाट असणार.

"हात दे," अत्या म्हणाली. "मज पायरी दिसत नाही."

तिला पायरी चांगली दिसते. एकटी तंजावूरहून आली होती ती. मी हात दिला आणि आम्ही आत गेलो.

माझ्या केसांतून तेल निथळत होते. शिकेकाईला वेळच मिळाला नव्हता. नर्सने पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, डोक्याला एवढं तेल! हे बोटांना लागणार, यंत्राला लागणार!"

"अर्ध्या न्हाणीतून उठून आलो आहोत," अत्याने तिला तमिळमध्ये सांगितले. "तूच शिकेकाई आण, मी लावते."

नर्स हसली आणि कापसाने माझे कानशील पुसू लागली. चेन्नईत नर्सपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे बाईमाणसाला अक्का म्हणतात. मी ते जन्मभर ऐकत आले आहे. त्या दिवसांत मात्र प्रत्येक वेळी मान वळायची, कोणाला हाक मारली ते पाहायला.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी विचारले, मार केव्हा लागला, कशावर, गाठ नंतर आली की लगेच. मग बोटे ठेवली. मग गाठीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकले. मग कानाच्या अगदी समोर एक बोट दाबून धरले.

"आता काय वाटतं?"

"आवाज थांबला."

त्यांनी बोट उचलले. आवाज परत आला.

"उद्या हे कापणार होते म्हणालात? कुठे?"

"आमच्या गल्लीजवळच्या दवाखान्यात."

"मग तुमच्या अत्यांनी त्या दवाखान्याच्या भिंती वाचवल्या," त्या म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "तुम्हालाही वाचवलं. हा पू नाही. ही धमनी आहे. छेद दिल्यावर रक्त जोरात उडालं असतं आणि ते थांबवायची तयारी तिथे नसती."

त्यांनी समजावून सांगितले ते मला समजले तसे लिहिते. कानासमोरून एक धमनी डोक्यावर जाते. दांडी तिच्यावर आपटली आणि तिची भिंत एका जागी फाटली. बाहेर आलेल्या रक्ताभोवती शरीराने एक पातळ पिशवी तयार केली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्या पिशवीत रक्त शिरते आणि ती थोडी थोडी फुगत जाते. तिला धमनीची खरी भिंत नसते, म्हणून ती कधी फुटेल ते सांगता येत नाही. मार लागल्यावर काही आठवड्यांनी अशी गाठ दिसू लागते, तोवर लोक मार विसरलेले असतात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर मी ती पाहिली. एका गोल अंधारात लाल आणि निळे एकमेकांभोवती फिरत होते.

"हे बाहेरचं सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "आतही असं काही आहे का ते पाहावं लागेल. सहसा नसतं. पण पहिल्या दिवशीच्या साध्या स्कॅनमध्ये ते दिसेलच असं नाही. नंतरही तयार होतं."

"आत असलं तर?"

"तर फुटायच्या आधी सापडलं, असं म्हणायचं."

*

शिरेतून औषध सोडून डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढतात. औषध आत गेले तेव्हा दुपारच्या गच्चीवर पाय ठेवावा तशी उष्णता अंगभर पसरली आणि ओसरली. नंतर मला स्ट्रेचरवर पडद्यांच्या रांगेत आणून ठेवले. अक्का होती तो कोपरा मला पडल्या पडल्या दिसत होता. तिथे दुसरे कोणी होते. एक माणूस त्याला संत्रे सोलून देत होता.

मुरली कारखान्याच्या बुटांतच आला. अत्याला म्हणाला, "एवढं होतं तर मला सकाळीच नीट का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तू उद्याचं बोलत होतास."

अत्या कॉफी शोधायला म्हणून बाहेर गेली. ती आम्हाला एकटे सोडायला गेली हे आम्हा दोघांनाही कळले.

"काढून टाक, असं मीच म्हणालो," मुरली म्हणाला.

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"घरी बसवत नाही मला. तिची पर्स अजून खुंटीला आहे."

"आहे. मी रोज बघते."

तो म्हणाला, "आत काही निघालं तर?"

"तर तू इथेच आहेस."

त्याने स्ट्रेचरच्या कडेवर हात ठेवला. मला धीर द्यायला तो आला होता, पण भीती त्याला जास्त वाटत होती. एक बहीण त्याने याच खोलीत गमावली होती.

माझ्या मनात काय होते तेही लिहायला हवे, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. भीती होती. आत पिशवी असेल, ती फुटेल, अत्याला दुसऱ्यांदा तेरावा बघावा लागेल. आणि त्या भीतीच्या खाली असेही होते की निघाली तर निघू दे. अक्का गेली त्याच वाटेने जाणे मला फार परके वाटत नव्हते. शोकात असे वाटते. ज्यांना वाटते त्यांनी दचकू नये, पण एकट्याने ते धरून बसू नये. मी तेव्हा कोणालाही सांगितले नाही. नंतर मुरलीला सांगितले, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन बसला.

डॉक्टर हातात काही न घेता आल्या. "आत सगळं स्वच्छ आहे," म्हणाल्या. "फक्त ही बाहेरची. उद्या सकाळी काढू."

मुरलीने भिंतीकडे तोंड केले. अत्या कॉफीचे पेले घेऊन आली होती ती तिथेच खाली बसली. मला आधी आनंद झाला नाही. आधी एवढेच कळले की मला घरी परत जायचे आहे आणि तिथे राहायचे आहे.

*

ऑपरेशन शनिवारी सकाळी झाले, म्हणजे दवाखान्यात छेद देणार होते त्याच सकाळी. कानशिलावरचे केस काढले आणि तेवढीच जागा बधिर केली. मी जागी होते. तोंडावर हिरवे कापड होते आणि त्याखालून मला फक्त उजेड दिसत होता.

"पुस्तकांत काम करता म्हणे," सर्जन म्हणाले. "काय वाचता?"

"सध्या काही नाही."

"मग टाके काढायला याल तेव्हा सांगा, काय सुरू केलंत ते."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता बांधतो." त्यांनी धमनी पिशवीच्या अलीकडे आणि पलीकडे बांधली. त्याच क्षणी आवाज थांबला. इतके आठवडे तो सोबत होता. मला घर पुन्हा एकदा रिकामे झाल्यासारखे वाटले. ज्या गोष्टीने जीव गेला असता ती गेल्याचे वाईट वाटणे विचित्र आहे, पण तसे वाटले खरे.

वॉर्डात दर पाळीला नर्स येऊन चेहऱ्याची नस शाबूत आहे का ते तपासायची. तिचा क्रम ठरलेला. "अक्का, भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. हसून दाखवा."

पहिल्यांदा मला हसता येईना. नर्स घाबरली. नस गेली की काय, म्हणून डॉक्टरांना बोलवायला निघाली.

"थांब गे," अत्या तिला म्हणाली. "नस नाही गेली. हिची बहीण गेली आहे." मग माझ्याकडे वळून, "पण डॉक्टरांनी सांगितलं आहे ना? औषध म्हणून हस."

मी हसले. दोन्ही बाजूंनी सारखे हसू आले की नाही ते नर्सने वाकून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. त्यानंतर दिवसातून कितीदा तरी मी नियमाने हसले. शेजारच्या खाटेवरची बाईही मला पाहून हसायची, तिला कोणी सांगितले नव्हते तरी.

*

घरी आल्यावर ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना मी जे सांगितले ते इथेही सांगते. डोक्याला मार लागल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गाठ आली, वाढत गेली, तिच्यात ठोके लागत असले किंवा कानात नाडीसारखा आवाज येत असला, तर ती दाबू नका, शेकू नका, कोणाला टोचू किंवा कापू देऊ नका. मोठ्या इस्पितळात जा आणि मार लागला होता हे पहिल्याच वाक्यात सांगा. ठोके लागतात हेही सांगा, कोणी विचारले नाही तरी. आणि दुःखात असलेल्या माणसाला जपायचे म्हणून आपण हातच लावत नाही. कोणी तरी लावावा.

*

टाके काढायला गेले तेव्हा सर्जनना मी एका पुस्तकाचे नाव सांगितले. ते खरेच सुरू केले होते.

मुरली आता रविवारी येतो आणि जेवून जातो. अक्काची पर्स आम्ही दोघांनी मिळून खुंटीवरून काढली आणि तिच्या कपाटात ठेवली.

अत्या महिनाभर राहिली आणि जखम भरल्यावर शुक्रवारी तिने मला पुन्हा तेल लावले. जाताना बोटे कशी फिरवायची ते दाखवून गेली, मध्यातून मागे, मागून कानांकडे.

डाव्या कानासमोर एक बारीक रेघ आहे. तिच्यावर नवे केस आले आहेत, पांढरे. तिथे बोट ठेवले तर काही उडत नाही. शुक्रवारी मी तेल कोमट करते, पाटावर बसते आणि माझे मी लावते.